अर्धा कोयता

४ ऑगस्ट, रविवार

शिरूर कासारला येऊन आज पाचवा दिवस, आणि मी चक्क खूश आहे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ताप आहे का तुला? बदलीची ऑर्डर हातात पडली तेव्हा मी नाशिकला दोन दिवस तोंड पाडून बसले होते, त्यामुळे तिचंही चुकलं नाही. पण दवाखाना छोटासा, औषधांची खिडकी माझी एकटीची, क्वार्टर हवेशीर, समोर बोडक्या टेकड्या. त्या टेकड्या बघितल्या की एखाद्या राक्षसाला तिथे बिऱ्हाड करून द्यावंसं वाटतं.

खेळाची पेटी धडधाकट पोचली. फासे, नकाशे, सहा वर्षांच्या वह्या, सगळं शाबूत. नाशिकचा आमचा ग्रुप फुटला. एक जर्मनीला, दोघं बंगलोरला, एकीला जुळी झाली. जाऊ देत तिकडे. पेटी आहे ना! तीन माणसं कुठेही मिळतात.

११ ऑगस्ट, रविवार

मिळाली! पहिल्या वनमाला सिस्टर, शेजारच्या क्वार्टरमधल्या. चाळिशीच्या, कायदा कोळून प्यायलेल्या. दुसरा त्रिंबक, आमचा अँब्युलन्सचा ड्रायव्हर. वडील ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम होते, त्यामुळे चारचौघांत बोलायचं ते आपणच, असा त्याचा जन्मजात समज. तिसरी करिष्मा, बावीस वर्षांची, केसपेपर लिहिते. तिचे आईवडील, भगवानराव आणि वत्सलाबाई, दर दसऱ्यानंतर उसाला जातात. करिष्मा दोन वर्षं त्यांच्याबरोबर गेली, मग हट्टाने बारावी केली, कंत्राटी का होईना नोकरी धरली आणि आता नर्सिंगला नंबर लागायची वाट बघतेय. घरचे लग्नासाठी हात धुऊन मागे लागलेत.

दुपारी सिस्टरांच्या ओट्यावर बसलो. चुरमुऱ्यांचा सुसला, चहा, फासे. मी समजावलं की दुनिया मी सांगणार, तुम्ही त्यातली आपापली माणसं होऊन काय करता ते बोलायचं, आणि जमलं की नाही ते हा वीस बाजूंचा फासा ठरवणार. जिंकणं नाही, हरणं नाही. त्रिंबक म्हणाला, मंग खेळायचं कावून?

करिष्माने मात्र पेन्सिल उचलून पाच मिनिटांत आपल्या माणसाचा कागद भरला, शक्ती-चपळाईच्या आकड्यांसकट. धनुर्धारी बाई. भाऊ नाही, नवरा नाही, टोळी नाही. मी म्हटलं, निदान एखादा कुत्रा घे. नको म्हणाली.

आणि मग पुलावर राक्षस आला. मी लढाईची जय्यत तयारी करून बसलेले. करिष्माने त्याला विचारलं, तुला हितं कुणी बसवलं, आणि सुट्टी कधी भेटती? आजवर त्या राक्षसाला हे कुणी विचारलंच नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. तो रडायला लागला, म्हणजे त्याच्या वतीने मी रडले, सिस्टरांनी पदर डोळ्याला लावला आणि त्रिंबक चक्क गप्प बसला. ह्यासाठीच मी हा खेळ चालवते. हे सुख दुसऱ्या कशात नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

डोकं फिरलंय माझं. एकवीस पानांचा किल्ला तयार केला होता. चोरवाटा, शापित विहीर, भिंतीत चिणलेली राणी. रात्रंदिवस खपले. तिघांपैकी एकाने त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही!

त्रिंबकने एक खेचर विकत घेण्यासाठी एक तास घासाघीस केली. खेचर! त्याचे दात बघायचेत म्हणाला. मला खेचराच्या दातांचं वर्णन करावं लागलं. सिस्टर नियमावलीच्या बाविसाव्या पानावरचा नियम वाचून दाखवत होत्या, तो मीच भाषांतर करून दिलेला, मलाच. करिष्मा बिचारी दोनदा म्हणाली, किल्ल्याकडं चला की. कोण ऐकतंय.

खेळ चालवणाऱ्याने लग्नाच्या आचाऱ्यासारखं राबायचं आणि वऱ्हाडाने लोणच्यावर जेवून उठायचं, असा हा धंदा आहे.

२५ ऑगस्ट, रविवार

आज तर कहरच. किल्ल्याच्या पायथ्याशी मुक्काम पडला, आणि गाडी अडली कशावर, तर पहाऱ्यावर.

त्रिंबक म्हणे पहारा जोडीनेच. तो आणि सिस्टर, एक जोडी. मग करिष्माचं काय? ती म्हणाली, मी एकटी बसते. नाही चालायचं, हा म्हणतो. उसाच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तो तोडतो, ती मोळी बांधते. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. अर्धा कोयता टोळीत घेत न्हाईत, बाकीच्यांवर भार पडतो. मी सांगून दमले की बाबा, हा ऊस नाही, ड्रॅगनचा मुलूख आहे. हा म्हणतो, म्याडम, टोळी ती टोळीच. वर सिस्टरांचा दुजोरा! पाऊण तास गेला.

शेवटी माझी सटकली. म्हटलं, बरं, तळावर एक माणूस आहे, तो करिष्माच्या जोडीला बसेल, झालं? आता चला वर! नाव काय त्याचं, सिस्टरांनी विचारलं. कसा दिसतो, त्रिंबकने विचारलं. म्हटलं, नाव नाही न् गाव नाही, तोंडसुद्धा नाही, कुणी का असेना! आणि एका कोऱ्या कागदावर ‘करिष्माचा जोडीदार’ एवढंच लिहून तो तिच्या कागदाशेजारी ठेवला.

 पुढे सगळा वेळ करिष्माने फाशाला हात लावला नाही. जगात एकच जागा होती जिथं तिला कुणी जोडी लावत नव्हतं, आणि तिथंही मी माझ्या किल्ल्यापायी तेच केलं. उद्या माफी मागायला हवी.

१ सप्टेंबर, रविवार

माफी मागितली. असू द्या म्हणाली.

म्हटलं, त्या माणसाला आज काढूनच टाकू. तर त्रिंबक म्हणे, काढायचं कावून, गेल्या वेळी विहिरीतून त्यानंच तर वर ओढलं आमाला. विहिरीत आम्ही गेलोच नव्हतो! वहीत बघितलं, एक अक्षर नाही. सिस्टरही म्हणाल्या की लई कमी बोलतो पण कामाचा हाय. मला वाटलं, चला, हे लोक खेळाबाहेरही गोष्ट रचायला लागले. इतकी हरखले की पुढे विचारलंच नाही. मूर्ख मी.

८ सप्टेंबर, रविवार

त्या कोऱ्या कागदावर आकडे आहेत. शक्ती, चपळाई, सगळे रकाने भरलेले. मी त्रिंबकवर ओरडले. त्याने गणपतीची शपथ घेतली.

मग करिष्माचा कागद बघितला. तिची शक्ती चौदा होती, मी स्वतः तपासलेली. आज नऊ. खोडल्याची खूण नाही. शेजारच्या कागदावर पाच. चपळाईचंही तेच. तिच्याकडून जेवढं उतरलंय तेवढं तिकडे चढलंय.

करिष्मा वाळलीय. सिस्टर म्हणाल्या, हिमोग्लोबिन बघू.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी अकराची गोष्ट. बाहेर पन्नास माणसांची रांग. मी मान खाली घालून गोळ्या मोजत होते. खिडकीतून एक हात आत आला, केसपेपर धरलेला. हातभर बारीक उभे काप, ऊस तोडणाऱ्यांच्या हाताला पातीचे पडतात तसे. ओले. मी विचार केला, हंगाम सुरू व्हायला अजून महिना आहे, ह्याला आत्ता कुठे कापलं? मलम दिलं. मग केसपेपर बघितला.

नावाच्या रकान्यात माझं अक्षर होतं. ‘करिष्माचा जोडीदार’.

उठून बाहेर गेले. रांगेतल्या म्हातारीला विचारलं, आत्ता कोण होतं इथं? ती म्हणाली, त्या केसपेपरवालीचा माणूस की. तोंड कसं होतं विचारलं तर ती विचारात पडली आणि म्हणाली, तोंड बघितलं न्हाई माय मी.

करिष्माला विचारलं. आठ दिवस रोज येतो म्हणाली. कडुनिंबाखाली उभा राहतो, तिची सुट्टी होईपर्यंत. हे ती सपाट आवाजात म्हणाली, केसपेपर लिहिता लिहिता.

१५ सप्टेंबर, रविवार

आज त्याला मारायचं ठरवून बसले होते. खेळ माझा आहे, दुनिया माझी आहे. बुरूज पाडला त्याच्या डोक्यावर. वाचायला वीसच पडायला हवेत असं जाहीर केलं. फासा मीच टाकला.

वीस.

पुन्हा. आग. वीस. दरी. वीस. त्रिंबक टाळ्या वाजवत होता, गाढव. शेवटी फासा न टाकताच मी म्हणाले, एक बाण आला आणि त्याच्या दंडात घुसला. माझा शब्द. त्याच्यावर कुणाचं चालत नाही.

ओट्यावर करिष्मा किंचाळली.

१६ सप्टेंबर, सोमवार

तिच्या दंडाला सात टाके. सिस्टरांनी घातले. जखम कशाची, कुणी विचारत नाही. मी पण नाही विचारलं. मला माहीत आहे — मी सांगितली ना ती.

२२ सप्टेंबर, रविवार

खेळ बंद. जाहीर केलं, पेटीला कुलूप घातलं. त्रिंबकला वाईट वाटलं, सिस्टरांना सुटल्यासारखं वाटलं.

करिष्मा जाताना म्हणाली, म्याडम, तुमी आमाला सांगितलंव बंद म्हणून. त्याला कुणी सांगितलंय?

१ ऑक्टोबर, मंगळवार

भगवानराव आणि वत्सलाबाई खिडकीशी आले. पेढे घेऊन. लई उपकार झाले म्हणाले. पोरीला जोडीदार मिळाला, यंदा ती पण येणार, घरचा दुसरा कोयता झाला. म्हटलं, ती नर्सिंगला जाणार होती ना? अहो, नंबर लागलाय तिचा! काल यादी आली. तर म्हणाले, आता कशाला, जोडी जमली की.

मुलाचं नाव विचारलं. वत्सलाबाई म्हणाल्या, नावाला काय चाटायचंय, कोयता चालवतोय, बास. आन तुमालाच म्हाईत की. तुमीच लावून दिलाव.



६ ऑक्टोबर, रविवार

त्रिंबकला सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं. नाही हसला. घाम पुसत बसला.

म्हणाला, जोडी मुकादम लावतो, मोडायची बी त्यानंच. पर अर्धा कोयता सोडता येत न्हाई. एकाला उठवलं तर त्याच्या जागी दुसरं माणूस बसवावं लागतं. माणूस न्हाई भेटलं तर मुकादमानं सोता उभं राहायचं. असा दस्तूर हाय. त्याच्या वडिलांनी एका हंगामात तेच केलं होतं म्हणे.

म्हटलं, इथं मुकादम कोण? तो म्हणाला, त्या कागदावर नाव कुणी लिवलंय, म्याडम?

१० ऑक्टोबर, गुरुवार

पेटी उघडली. त्या कागदावरचं ‘करिष्माचा’ खोडून दुसरी नावं लिहून बघितली. नाशिकच्या जुन्या खेळांतली. राण्या, चेटकिणी, सगळ्या. पेन्सिल उमटत नाही. नुसती घासली जाते.

सोमवारी गाड्या निघतात. तिची शक्ती दोन आहे. केसपेपर लिहिताना पेन पडतो हातातून.

बावीस वर्षांची पोर. आणि मी चिडले होते म्हणून — एका किल्ल्यासाठी —

१३ ऑक्टोबर, रविवार

माझं नाव उमटलं. पहिल्याच फटक्यात. ठळक.

१४ ऑक्टोबर, सोमवार, सकाळ

करिष्मा आली! पेढ्याचा पुडा टेबलावर आपटला, म्हणाली, गाडीबिडीत न्हाई बसत मी, बीडला जाऊन कॉलेजात नाव टाकणार. दंडावरची पट्टी सोडून टाकलेली. खणखणीत भांडून आलीय घरी. पुलावरच्या राक्षसाला सुट्टी विचारणारी तीच ही. मी खूप रडले. तिला कळेना का ते.

कडुनिंबाखाली कुणी नाही.

दुपार

तो फाटकाच्या आत आहे —

पायऱ्यांवर — सिस्टरांनी त्याला वाट दिली, सरकून, ओळखीच्या माणसाला देतात तशी —

हात जड झालाय. गोळ्यांची पाकिटं उचलत नाहीत.

दुपार, नंतर

गाडी फाटकाशी लागलीय. वत्सलाबाई खिडकीशी आल्यात, चल म्हणतात. मला ‘तू’ म्हणाल्या. सांगितलं त्यांना — मी सरकारी नोकर आहे, मी नाशिकची, मी ऊस कधी हातात धरला नाही, मी नाही येणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या. म्हणाल्या, पहिल्या सालाला सगळ्याच असं म्हणत्यात.

तो त्यांच्या मागे उभा — तोंड —

मी त्यांना म्हणाले, थांबा, एवढं लिहून येते.

असं कावून म्हणाले मी? मला तर सांगायचं होतं की मी ना