संमतीपत्रावरची सही

आई,

या महिन्याच्या चार तारखेला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा अपमान झाला. वेळ नेमकी सांगता येते, कारण समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि काउंटरवरच्या मुलीच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा घड्याळाकडे बघणं बरं होतं. निराला बाजारातलं सहलींचं ऑफिस. हिमालयातल्या एका राष्ट्रीय उद्यानात जायचा अर्ज घेऊन मी गेले होते. बर्फ वितळलं की थोडेच महिने ते उघडं असतं. आत मोटार नाही, मुक्काम नाही. सकाळी चालत शिरायचं आणि उजेड आहे तोवर बाहेर पडायचं. अशी शिस्तीची जागा मला आवडते. बूट घेऊन झाले होते. ते पायात मुरावेत म्हणून रोज सकाळी आमच्या इमारतीचे चार मजले मी तीनदा चढते, शेजारचे हसले तर हसू देत. अर्जाला डॉक्टरांचा दाखला जोडला होता, गुडघ्याचा एक्स-रेसुद्धा, कोणी मागितला नव्हता तरी. मुलीनं तो उजेडाला धरून उलटा बघितला आणि म्हणाली, "आजी, पासष्टच्या वर आहात आणि एकट्या आहात, तर घरच्यांचं संमतीपत्र लागेल. मुलगा, सून, कोणीही चालेल."

"मुलगा नाही, सून नाही, नवरा कधीच नव्हता. मी आहे, आणि माझी संमती आहे."

"तसं नाही ना चालत, आजी. घरचं कोणी तरी असेलच की."

चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. किती तरी जणींच्या रजा माझ्या सहीनं मंजूर झाल्या, नामंजूर तर त्याहून जास्त. आणि आता डोंगर बघायला मी घरून चिठ्ठी आणायची.

चिठ्ठी म्हटलं की तू आठवणारच. मी नववीत होते. कॉन्व्हेंटच्या सिस्टर आमच्या वर्गाला म्हैसमाळच्या डोंगरावर नेणार होत्या आणि घरी इंग्रजी सर्क्युलर आलं होतं. तू चुलीपुढे भाकरी थापतेयस. म्हणतेस, "वाच." मी ऐटीत वाचते. तू तव्यावरची भाकरी उलटतेस आणि म्हणतेस, "आता मराठीत वाच." मग तुझे प्रश्न. पोरी किती, बाया किती? पाणी कुठलं प्यायचं? कड्याला कठडा हाय का? मी म्हणते, "ते नाही लिहिलेलं." तू म्हणतेस, "मंग एवढ्या मोठ्या कागदात लिहिलंय तरी काय?"

दुसऱ्या दिवशी तू शाळेच्या फाटकात उभी. पदर डोक्यावर, बोटांना पीठ. मधल्या सुट्टीत सगळ्या पोरी बघत असताना तू सिस्टरना कठड्याचं विचारलंस. सिस्टरचं मराठी मोजकंच. त्या हसून म्हणाल्या, "कठडा नाही, बाई. पण देव आहे ना तिथे." तू लगेच म्हणालीस, "हाय की. पण तुमच्या देवाला दोनच हात, अन् पोरी साठ." सिस्टर खो खो हसल्या. मला मात्र धरणी फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. सही तू केली नाहीस. बस गेली, आणि मी सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर दिवसभर बसले. आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी, रविवारी, एसटीनं खुलताबादला आणि पुढे मिळेल त्या गाडीनं म्हैसमाळला तूच मला घेऊन गेलीस. गाडीतून उतरल्यापासून माझं मनगट धरलंस ते परत गाडीत बसेपर्यंत. कडा वीस पावलांवर असताना तू खाली बसलीस आणि मलाही बसवलंस. "हितूनच बघ. लई छान दिसतंय." काही दिसत नव्हतं. तुझी पाठ दिसत होती, कारण तू माझ्यापुढे सरकून बसली होतीस. त्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही.

असो. मंगळवारी घरी येऊन ऑफिसातून मिळालेला संमतीपत्राचा नमुना मी रागारागात भरला आणि फोटो काढून तुझ्या नातवाला, माझ्या भाच्याला, पुण्याला पाठवला. तो भांडणार अशी माझी खात्री होती. या वयात, इतक्या उंचीवर, तो गुडघा, पडलीस तर कोण बघणार. या सगळ्याची उत्तरं मी कागदावर लिहून तयार ठेवली होती. तिखट उत्तरं. चार मिनिटांत सही होऊन कागद परत आला. सोबत अंगठ्याचं चित्र आणि "एन्जॉय, आत्या!" कागद नीट वाचला तेव्हा माझीच चूक दिसली. घाईत आकडे उलटे पडले होते: वय अडुसष्टऐवजी शहाऐंशी. शहाऐंशी वर्षांच्या बाईला त्यानं बेधडक हिमालयात धाडलं होतं. मी फोन केला.

"अरे, वाचलंस का?"

"हो, हो. सगळं ओके आहे ना? मीटिंगमध्ये आहे, आत्या."

"मी चाललेय कुठं?"

तो म्हणाला, "केरळला ना?"

पोरगा वाईट नाही. दिवाळीला न चुकता फराळ पाठवतो. पण फोन ठेवल्यावर बघते तर, ज्या सहीसाठी सकाळी सगळं ऑफिस डोक्यावर घेतलं, ती हातात होती आणि मला आनंद म्हणून होत नव्हता. ती लिहून ठेवलेली उत्तरं मग मी मोठ्यानं वाचून काढली, एकापाठोपाठ एक. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

आता तुला सांगते. शनिवारी संध्याकाळी पाचला अर्ज घेणं बंद होतंय. त्याआधी तुझं म्हणणं मला लेखी हवं, तोंडी चालणार नाही. तू आता नाहीस, हा कागद पोस्टात पडणार नाही हे मला कळतं, तरी मुदत ती मुदत. उद्यानाची माहिती वाच, मराठीत करून देते, आणि मग काय ते विचार. शेवटी नाही म्हण. नाही म्हणालीस तरी मी जाणारच आहे, तेही सांगून ठेवते. फक्त एकदा कोणी तरी नाही म्हणावं, एवढंच. शनिवार, संध्याकाळी पाचच्या आत.