आबांची नऊ नंबरची पट्टी

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी दहा.
आजपासून निगेटिव्ह स्कॅनिंग. पुरात अल्बम गेले, आईच्या कपाटातला निगेटिव्हचा डबा तेवढा वाचला. चौदा पट्ट्या. नऊ नंबरच्या पट्टीत आबा, माझे वडील, मिलिटरीच्या ड्रेसमध्ये. त्यांचा दुसरा फोटोच नाही. ते गेले तेव्हा मी दोन वर्षांचा, चेहरा आठवत नाही. तेवीस तारखेला चाळिसावी पुण्यतिथी. आईला मोठा फोटो फ्रेम करून द्यायचाच. स्टुडिओवाला मतीन करून देतो म्हणाला. गरज नाही. घरात स्कॅनर आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार.
चौदाच्या चौदा काळ्याकुट्ट आल्या. मतीन म्हणे, कागदाच्या स्कॅनरला मागून उजेड नसतो, पट्टी माझ्याकडे आण. धंदाच आहे त्याचा, म्हणणारच.

९ नोव्हेंबर.
मागून मोबाईलचा टॉर्च धरला. आबा आले! टोपी, पट्टा, बटणं, सगळं. फक्त चेहऱ्याच्या जागी काळा गोळा. दोष टॉर्चचा नाही. पट्टीवर बुरशी असणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
बुरशी काढायची. बायको म्हणाली, आधी मतीनभाईंना विचारा. कशाला? सोनं आपण रिठ्याच्या पाण्यात धुतोच की. मनुआत्याची बोरमाळ साठ वर्षं झाली, अजून झगझगते. पाणी चांगलं कढत घेतलं. जुना टूथब्रश, मऊ.

दुपारी दीड. पट्टी स्वच्छ निघाली. जरा जास्तच. पाणी राखाडी झालंय. वाळल्यावर चित्र वर येईल.

१६ नोव्हेंबर.
वाळली. आरपार समोरचे दोरीवरचे कपडे दिसतात. आबा नाहीत. मतीनला दाखवली. त्याने ती उजेडाला धरली, खाली ठेवली आणि चहा सांगितला. मी त्याच्या दुकानात रडलो. तिथं धूळ फार.

१८ नोव्हेंबर.
हरायचं नाही. धुण्याआधीचा स्कॅन आहे. मोबाईलमधल्या ॲपने चेहरा भरून दिला. रुबाबदार आहे. आबा असेच असणार. नसले तरी कोण सांगणार?

२२ नोव्हेंबर.
फ्रेम आली. बायको म्हणाली, आईंना खरं सांगा. सांगणार आहे. पुण्यतिथी होऊ दे. रात्री झोप नाही, जेवण जात नाही. पित्त असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी.
आईने फ्रेम मांडीवर घेतली. खूप वेळ पाहिली. पदराने काच पुसली आणि फ्रेम माझ्याकडे दिली.

"चांगला हाय. तुमच्या खोलीत लाव," म्हणाली. "मला माझी पट्टी दे आता. दुपारच्याला खिडकीत उन्हाला धरली की त्येंचं त्वांड दिसतं. चाळीस वर्सं तशीच बघतीया मी."

म्हटलं, मतीनकडे आहे, उद्या आणतो.

बरं म्हणाली. खुर्ची खिडकीपाशी ओढून बसली आहे. पट्टी माझ्या शर्टाच्या खिशात आहे.