तार धरून

३ मार्च
पुन्हा खरखर! जन्मभर लोकांचे रेडिओ दुरुस्त केले आणि घरचा जुना रिसीव्हर मला जुमानत नाही. मागे बघितलं – ॲन्टेनाच्या पट्टीवरचा एक पितळी स्क्रू गायब, तार लोंबतेय. हिला विचारलं. पलंगावरूनच म्हणाली, "मला काय विचारता? मी उठते तरी का?" खरंच आहे. रिसीव्हर तिच्या उशाशीच, पण महिना झाला, ती उठलेली नाही. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

तिला फक्त चारचा कार्यक्रम हवाय. त्यात आमची मुलगी श्रोत्यांची पत्रं वाचते.

५ मार्च
स्टिरिओचं बटण मोनोवर टाकलं. खरखर जराशी कमी. तार चिमटीत धरली तर आवाज एकदम स्वच्छ! सोडली की पुन्हा तेच रडगाणं. "मग धरा की," ही म्हणाली. अर्धा तास खांबासारखा उभा. तीन वर्षांत पहिल्यांदा पोरीचा आवाज ऐकला. एरवी चार वाजले की मी चपला घालून बाहेर पडायचो.

६ मार्च
पाय भरून आले. तरी उभा होतो.

७ मार्च
पोरगी संसार सोडून परत आली तेव्हा मीच म्हणालो होतो, "या घराचा उंबरठा पुन्हा चढायचा नाही." आज कुणा म्हाताऱ्याचं पत्र वाचताना हसली. लहानपणी हसायची तशीच, नाकातून. माझा हात हलला, आवाज गेला. "नीट धरा हो!" ही ओरडली. मग हळूच – "तिला फोन करता का?"

म्हणालो, आधी ही तार तरी पक्की करू दे.

१० मार्च
तसला स्क्रू बाजारात मिळेना. शेवटी तारेला कथलाचा डाग दिला. खणखणीत आवाज, कुणी धरायला नको! वाटलं, खूश होईल. "छान झालं," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. आजारी माणसाचं काही कळत नाही. मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

११ मार्च
तार निघाली! माझा डाग, आणि एका दिवसात? हातातलं कसब गेलं, दुसरं काय. चारला पुन्हा खांब. ही सारा वेळ माझ्याकडेच बघत होती.

"रविवारी करतो फोन," मी म्हणालो.

"रविवार लांब आहे," ती म्हणाली.

१४ मार्च
पहाटे गेली. रविवार उद्या होता.

१५ मार्च
मुलीला फोन शेवटी शेजारणीने केला. ती आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच उभी राहिली. मी म्हणालो, "आत ये."

"आता कुणासाठी?"

ती तशीच माघारी गेली.

१९ मार्च
हिच्या उशीचा अभ्रा धुवायला काढला. झटकला तर फरशीवर टणकन काहीतरी पडलं. पितळी स्क्रू.

लावला नाही. चारला तार धरून उभा राहिलो. पत्रं दुसरीच कुणीतरी वाचत होती.