पोर्ट नंबर सातचा बंदोबस्त

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.४०
नेटवर्क स्विचचा सात नंबरचा पोर्ट, म्हणजे केबल खुपसायचं भोक, पुन्हा बंद पडला. स्विचवरचा दिवा विझला, अकरा सेकंदांनी आपोआप लागला. मग बारा नंबरनेही तेच नाटक केलं. नव्या हॉलमधल्या चोवीस कॉम्प्युटरची जोडणी मी एकट्याने, कुणाचा हात लागू न देता केली आहे. त्यामुळे वायरिंगचा प्रश्नच येत नाही. स्विच फालतू आहे.

संकल्प: आठवड्यात छडा लावायचा. १७ तारखेला आमच्या हळद पेढीचा पहिला ऑनलाइन सौदा. खरेदीदार या हॉलमध्ये स्क्रीनसमोर बसून बोली लावणार. मालक उदयसिंहदादा सगळ्यांसमोर म्हणालेत, सौदा नीट पार पडला तर साताऱ्याच्या नव्या शाखेचं नेटवर्क जोतीराम बघणार. जोतीराम म्हणजे मी. सांगलीतली ही खोली सुटेल, खानावळीतली पातळ आमटी सुटेल, साताऱ्याजवळच्या औंधच्या घरून ये-जा करता येईल. बायकोला फोन करून सांगून टाकलं. दीपमालाने लगेच सगळ्या आळीला सांगितलं.

४ फेब्रुवारी
स्विच बदलला. जुना दुकानदाराच्या तोंडावर मारून नवा आणला. दुपारी सात नंबर पडला, मग बारा, मग एकोणीस. नवाही फालतू. दुकानदार म्हणतो, साहेब, एकदा केबल बघा. चोराच्या उलट्या बोंबा.

६ फेब्रुवारी
छडा लागला! शेजारच्या गोदामात हळद पॉलिश करायचा ड्रम आहे. तो फिरला की पोर्ट जास्त पडतात. वेळा लिहून पडताळलं. ड्रमची मोटरच गुन्हेगार. हे अख्ख्या सांगलीत दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

ड्रमवरच्या बायकांची मुकादम तानुबाई. तिला ड्रम बंद ठेव म्हणालो. तर म्हणते, आवं, ह्यो ड्रम तुमच्या आदीपासनं फिरतुया, तवा कायबी पडत न्हवतं. शास्त्राशी काही देणंघेणं नाही या लोकांना.

७ फेब्रुवारी
दादांनी माझ्या मदतीला एक बाई आणून बसवली. साक्षी. दहिवडीची, दोन लेकरांची आई, पुण्यात कंपनीत सहा वर्षं काढलेली. आल्या आल्या माझ्या केबलचं टोक डोळ्यांजवळ धरून विचारते, सर, ह्यो रंगांचा क्रम कुठला?

समजावलं. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोडपी. नारंगी, हिरवं, निळं, तपकिरी. पुस्तकातला क्रम हिरव्या जोडप्याच्या मधोमध निळं जोडपं घुसवतो. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे. आमच्या औंधकडे नवरा-बायकोच्या मध्ये परकं माणूस बसत नाही. म्हणून मी चारही जोडपी शेजारी शेजारी बसवतो. दिसायलाही देखणं दिसतं.

ती म्हणाली, सर, त्यानंच पडत असंल. मशीन तिसऱ्या आन् सहाव्या तारंला जोडी धरतंय. तुमच्या क्रमात त्या दोन वेगळ्या घरच्या झाल्या. मी तार तुटलीय का ते सांगणारा टेस्टर लावला. आठच्या आठ दिवे ओळीने लागले. तिने केबल खाली ठेवली. पटलेलं दिसतंय.

१० फेब्रुवारी
पटलेलं नव्हतं. सात नंबरच्या केबलची दोन्ही टोकं कापून पुस्तकी क्रमाने बसवून ठेवलीत. मला न विचारता! पुण्याचं पाणी. दुर्लक्ष करायचं ठरवलं.

११ फेब्रुवारी
सात नंबर दिवसभर पडला नाही. योगायोग.

१२ फेब्रुवारी
सात आजही नाही. बाकीचे आळीपाळीने पडतायत. आठवलं, शनिवारी मी सात नंबरच्या भोकात फुंकर मारली होती. धूळ गेली असणार. दादांनी विचारलं तेव्हा तसंच सांगितलं. साक्षी तिथेच उभी होती, केबल गुंडाळत राहिली. भित्री आहे.

नंतर एकटं गाठून म्हणाली, उरलेल्या तेवीस केबल दोन दिवसांत करून देते, सर. सौदा तोंडावर असताना चालू यंत्रणेला हात लावू देत नसतो, एवढंही कळत नाही. साफ नकार दिला.

१५ फेब्रुवारी
योजना पक्की. सौद्याच्या दिवशी ड्रम बंद, पंखे बंद, कूलर बंद, मोबाईल बाहेर. दादा हो म्हणाले. तानुबाई विचारत होती, आमची रोजी बुडती तिचं काय. मोठ्या कामात असल्या बारीकसारीक गोष्टी बघत बसलं तर झालंच.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.००
सगळं बंद. हॉलमध्ये शांतता. एकही पोर्ट पडलेला नाही. अर्थात अजून कुणी आलेलं नाही.

दुपारी २.१५
अकराला सौदा उघडला. चोवीस जणांनी एकदम बोली लावली आणि एकेक स्क्रीन अडकायला लागली. लागली की पडायची, पडली की लागायची. तेवीस गेले, फक्त सात नंबर चालू. त्यावर जुने खरेदीदार आप्पासो बसलेले. वय पंच्याहत्तर, माउस सरळ की उलटा ते माहीत नाही. एकटेच बोली लावतायत, समोर स्पर्धक नाही.

ज्याची हळद होती तो बिराप्पा उठून ओरडला, माझं वरीसभराचं पीक हाय रं, ह्या डबड्यापायी मातीत घालताय व्हय? आप्पासोंनीच मग माउस बाजूला सारला, खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आणि जुन्या रीतीने कपड्याखाली बोटं दाबून सौदा सुरू केला. तासाभरात सगळी हळद गेली, भावही चांगला मिळाला. मागून कुणीतरी म्हणालं, ह्येला वायर लागत न्हाई बगा. सगळे हसले. साताऱ्याला असले मागास लोक नसतील.

१८ फेब्रुवारी
दादांनी बोलावलं. मी कृष्णाकाठच्या दमट हवेबद्दल सविस्तर सांगितलं. ते म्हणाले, जोतीराम, तेवीस पडले, एक न्हाई पडला. त्यो एक तू केलेला न्हाईस. सात नंबरच्या कोपऱ्यात दमटपणा कमी असतो, असं मी सांगितलं.

२० फेब्रुवारी
दोन दिवसांत सेहेचाळीस टोकं कापली. कापायला मी, बसवायला साक्षी. ड्रम फिरतोय, पंखे फिरतायत. काल संध्याकाळपासून एकही पोर्ट पडला नाही. हवा कोरडी झाली असावी.

२४ फेब्रुवारी, सोमवार
साताऱ्याचं नेटवर्क साक्षीकडे. दादा मला कामावरूनच काढणार होते, असं आज कळलं. तिने मला सोबत मागून घेतलं. मी भिंतीला भोकं पाडायची आणि केबल ओढायची. टोकं ती बसवणार. क्रिम्पिंगची पक्कड माझ्या हातात द्यायची नाही, ही दादांची अट. तिचे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत.

रात्री दीपमालाला फोन केला. म्हणालो, साताऱ्याला बदली झाली. तिला आनंद झाला. मग तिने विचारलं, आवं, साहेब म्हणून ना?

आवाज तुटतोय म्हणालो आणि फोन ठेवला. रेंज पूर्ण होती.