किमान वेतनाचं भाषण

१४ जानेवारी १९८५

वासुदेवराव साहेबांना आमदारकीचं तिकीट मिळालं! त्यांच्या अंगणात सकाळपासून फटाके. साहेबांनी सगळ्यांना पेढे दिले, मला दोन. म्हणाले, "निर्मला, आता रात्र न् दिवस एक करायचा." जसं काही आजवर घड्याळ पाहून काम करत होते!

दीड वर्ष झालं. बी.ए. झाल्यावर 'राजकारण जवळून शिकशील' म्हणून आले. पत्रं टाईप करते, निवेदनं लिहिते, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देते. पगार नाही. मागे एकानं विचारलंच, तेव्हा साहेब म्हणाले — "शिकणाऱ्यानं खरं तर फी द्यायला पाहिजे. मी तर वरून चहा पाजतो!" सगळे हसले. मीही हसले.

का हसले?

२७ जानेवारी

भाषण लिहून झालं. विषय किमान वेतन. बिडी कामगार बायांची मतं या भागात भारी, म्हणून. एक ओळ साहेबांना फार आवडली — 'किमान वेतन ही भीक नाही, तुमच्या बोटांचा हक्क आहे.' दोनदा मोठ्यानं वाचली. मग म्हणाले, "मला सुचलं होतं हेच."

३ फेब्रुवारी

जवाहरनगरात मामाच्या, दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहते. जेवते त्यांचंच. आज ताट वाढताना मामी म्हणाल्या, "फॅक्टरीत शिकाऊ पोट्टे येते ना, त्यायले बी सरकार स्टायपेंड देते. तुह्या साहेबाच्या फॅक्टरीत काय बनते व?" मामा खाली मान घालून जेवत राहिले. मी एक पोळी कमी खाल्ली.

१९ फेब्रुवारी

आज आंधळगावात सभा. माझं गाव! साहेब माझं भाषण बोलले, शब्द न् शब्द. 'बोटांचा हक्क' आल्यावर बायांनी अशा टाळ्या पिटल्या! पुढेच आई बसलेली. पंचवीस वर्षं बिड्या वळून तिची बोटं पिवळी पडली आहेत. ओळ लिहिताना तीच डोळ्यांपुढे होती.

सभा संपल्यावर आई उठली. रुखमाबाई — चारचौघांत कधी तोंड न उघडणारी! "साहेब, कारखानेवाले आमच्या बिड्यायतली छाट काढते, खराब हाय म्हणून पैसा कापते. मंग तेच बिड्या वापस काहून नाही देत? बंडलात भरून विकतेच ना?"

साहेब गोड हसले. "निवडणूक होऊ द्या, बाई. सगळं पाहू." अन् जीपमध्ये बसले. जीप भैय्याजींची. आई ज्यांच्या कारखान्याच्या बिड्या वळते, ते भैय्याजी. पेट्रोलही त्यांचंच.

मीही त्याच जीपमधून परत आले.

६ मार्च

साहेब निवडून आले!! गुलाल नाकातोंडात गेला. घसा बसला.

२ एप्रिल

आज धीर करून विचारलं. साहेब, आता आमदार झालात, मला काही ठरवून द्याल का. महिन्याचं. थोडंसं.

त्यांनी चष्मा काढला. रागावले असते तर बरं झालं असतं. दुखावल्यासारखे बोलले — "मी तुला घरची समजत होतो, निर्मला. घरच्या माणसाला कोणी पगार देतं?"

घरच्या स्वयंपाकीणबाईला देतात. ड्रायव्हरला देतात. कुत्र्याला फिरवणाऱ्यालाही देतात. हे सगळं बाहेर आल्यावर सुचलं!

११ जून

टायपरायटरची रिबन संपली. ऑफिसात विचारलं तर — "आण ना, मग पाहू." मामीकडून उसने घेऊन आणली.

७ जुलै

गावी आले. घरात तंबाखूचा वास नाही! बिड्या वळायचं सूप कोपऱ्यात उभं. आई वावरातून आली, पाय धुतले, म्हणाली, "बिड्या बंद हायेत. समद्याच बायायनं बंद केल्या."

सरकारनं नवा दर लावला, पण भैय्याजी जुनाच देतात. वरून धमकी — जास्त बोलाल तर काम मध्यप्रदेशात नेतो, तिकडे मजुरी कमी, नदी ओलांडली की झालं.

म्हटलं, "आई, खरंच नेलं तर?"

"नेऊ दे. साहेबानंच तं सांगतलं, हक्क हाय म्हणून. मीनं सांगतलं बायायले — हे माह्या पोरीनं लिवलं हाय. तवा कुठं तयार झाल्या."

मी ते मतांसाठी लिहिलं होतं, आई. तुम्ही खरं धरलंत.

१५ जुलै

भैय्याजी ऑफिसात. मला आत बोलावून खुर्ची दिली. दोन वर्षांत पहिल्यांदा!

साहेब म्हणाले, "किमान वेतन तत्त्वानं बरोबरच आहे. पण धंदाच गेला तर वेतन कोणाचं? कामावर परत या, हे बायांना समजेल अशा भाषेत सांगायला हवं. तुझ्या गावच्या आहेत, तुझं ऐकतील." मग अगदी सहज — "अन् हो, एक तारखेपासून तू पगारी. माझी सहायक. मागल्यासारखं नाही ठेवायचं तुला."

भैय्याजी म्हणाले, "हुशार पोरगी आहे. फुकट राबवणं बरं नाही, वासुदेवराव."

विचार करते म्हटलं. दोन वर्षं फुकट होते तेव्हा माझी कोणाला किंमत नव्हती. आज भाव आला.

१६ जुलै

मामीला सांगितलं. "घे व! कायले विचार करतं?" मामा पहिल्यांदाच बोलले — "तुह्या मायले विचार."

नाही विचारलं.

१८ जुलै

भैय्याजी काम खरंच नेऊ शकतात. तुमसरकडच्या एका गावातून नेलंच म्हणतात. मग बायांनी काय खायचं? थोडं मागे सरकलं तर काम तरी राहील. यात खोटं काय आहे?

काही खोटं नाही. सगळं खरं आहे. म्हणूनच तर लिहायला इतकं सोपं गेलं — दोन पानं झाली. तेही भाषण चांगलं झालंय. मलाच माझी चीड येते.

२० जुलै

हो म्हणून आले.

२४ जुलै

आंधळगावला जाऊन आले. जीप थेट देवळापाशी थांबली. सतरंजीवर बाया आधीच बसलेल्या. माझ्याकडे पाहिलं, पण कोणी हाक मारली नाही. मी भाषणाची पानं घट्ट धरून उतरले.

आई उठली. पदरानं सतरंजीवरची धूळ झटकली, माझ्यासाठी जागा केली अन् बाजूला सरकली.

"या," म्हणाली. "बसा, बाई."