उपकारस्तुतीची चिठ्ठी

परळ,
२१ एप्रिल १९६०

प्रिय सुभद्रे,

तुझं कार्ड मिळालं. नगरला भावाकडची बाजरीची भाकरी खाऊन तू बाळसं धरलंस म्हणे! इकडे आम्ही उकाड्यानं निम्म्या झालोत. आपल्या मिशनच्या देवळाचा राखणदार कुशाबा बाकांना पॉलिश करतोय. एक मे नेमका रविवारी आलाय. त्या दिवशी मुंबईसह महाराष्ट्र होणार, म्हणून देवाचे आभार मानायला पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीची खास उपासना ठेवलीय.

मंडळीच्या वतीनं आभाराची प्रार्थना मी करावी असं ठरलंय. तुझा शमुवेल या लढ्यात गेला, तू इथे नाहीस, म्हणून तुझी जिवाभावाची मैत्रीण या नात्यानं मी. मी अजून हो म्हटलेलं नाही. पाळकसाहेबांना वाटतं, बाई लाजतात. वीस वर्षं शाळेत मुलींवर ओरडणारी मी कसली लाजतेय! पण खरं कारण तुलाच सांगायचं आहे.

आपल्या दोघींचा बाक अजून तिथेच आहे, खिडकीशी. तुझा सूर कधी लागला नाही आणि तू कधी हळू गायली नाहीस. तू तोंड उघडलंस की पेटीवाले चिंतामणीमास्तर डोळे मिटून घ्यायचे. आणि तुझ्या त्या चिठ्ठ्या! ज्याला देवाचे आभार मानायचे त्यानं शनिवारी कुशाबाकडे चिठ्ठी द्यायची, रविवारी पाळकसाहेबांनी ती वाचायची, सगळ्यांनी आमेन म्हणायचं. लोक नोकरी लागली, बाळंतपण सुखरूप झालं, म्हणून चिठ्ठी देत. तू चाळीच्या नळाला पाणी आलं म्हणूनही दिलीस. लग्नानंतर नऊ वर्षांनी शमुवेल झाला तेव्हा तर तुझी चिठ्ठी चांगली दोन पानी होती. मी तुला हसायचे. आभार मानायला तुला मोठं कारण लागायचं नाही, मला लागायचं.

तसं कारण मला छप्पनच्या जानेवारीत मिळालं. शुक्रवारी आपली दोघं पोरं लालबागला मोर्चा बघायला गेली आणि गोळीबार झाला. माझा जयवंत एका पायात चप्पल घालून घरी आला. शमुवेल गर्दीतून दादरला मावशीकडे पळाला, असं त्यानं सांगितलं. तुझा जीव थाऱ्यावर नव्हता, पण कर्फ्यूत दादरला जायचं कसं? जयवंत वाचला म्हणून मी शनिवारी चिठ्ठी दिली. रविवारी सकाळी कर्फ्यू जरा उठला, उपासना झाली, माझी चिठ्ठी वाचली गेली. तू माझा हात दाबलास. सगळ्यांत मोठ्यानं आमेन तूच म्हणालीस. बाहेर पडलो तर फाटकाशी कुशाबा निरोप घेऊन उभा होता. आपण हॉस्पिटलात धावलो तेव्हा सगळं संपलं होतं.

माती देताना, अठरा वर्षं हा मुलगा दिलास, असं म्हणून तू देवाचे आभार मानलेस. मग जयवंतला पोटाशी धरून म्हणालीस, "रडू नको रे बाळा, तू वाचलास ना!" त्या दिवसापासून तो देवळाची पायरी चढलेला नाही. मी जाते. गीतं सुरू झाली की नुसते ओठ हलवते. चार वर्षांत एकही चिठ्ठी दिलेली नाही.

आता तुला जे माहीत नाही ते लिहिते. तीन कागद फाडून झाले. त्या रविवारी सकाळी सात वाजता जयवंतनं मला खरं सांगितलं होतं. शमुवेल दादरला गेलाच नव्हता. तो जयवंतच्या शेजारीच पडला, लोकांनी त्याला हातगाडीवर घालून हॉस्पिटलात नेलं, आणि हा घाबरून पळाला. दोन दिवस खोटं बोलला. तो पोर होता गं. मी पोर नव्हते. तू माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि मी गप्प राहिले. दिलेले आभार परत मागितले तर देव जयवंतलाही परत मागेल, असं माझ्या मनानं घेतलं. एवढी चिठ्ठी वाचून होऊ दे, मग सांगते, म्हटलं. शमुवेल साडेदहाला गेला, सुभद्रे. नर्स मला म्हणाली, शुद्धीवर होता, दारात कोणी आलं की "आई आली का?" विचारायचा. मी बोलले असते तर तू आठ वाजता त्याच्याजवळ असतीस. क्षमा मागायला मला तोंड नाही, तरी मागते. एक मेला ती प्रार्थना मी करणार नाही. तू ये आणि तू कर. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
बकुळा