माझ्या प्लॉटवर आलेल्या पाच गाड्या

प्रिय अप्पा,

तुम्हाला जाऊन अकरा महिने झाले. तुम्हाला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पण काल तुमचा विलास आपल्या ट्रॅव्हल्सच्या बुकिंग ऑफिसात आला, हातात बँकेचे कागद घेऊन. आणखी चार स्लीपर गाड्या घ्यायच्यात, भूमहून थेट सुरतेपर्यंत लाईन टाकायची, तुमचं वर्षश्राद्ध उरकलं की गाड्यांची पूजा करायची, असं सगळं त्याचं ठरलेलं. त्यासाठी धाराशिवचा माझा प्लॉट पुन्हा तारण हवा होता. "अप्पांची लई इच्छा होती, ताई," म्हणाला आणि पेन पुढं केलं.

तुमची इच्छा! तिच्यासाठी मी एकदा सही केली आहे, अप्पा.

तो प्लॉट कसा आला, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? माझ्या प्राचीचे बाबा तुमच्याच पुण्याच्या गाडीवर ड्रायव्हर. समोरून ट्रकनं ठोकलं. प्रवासी वाचले, ते गेले. भरपाईच्या दाव्यासाठी तुम्ही माझ्याबरोबर धाराशिवच्या कोर्टात किती चकरा मारल्या! उन्हातान्हात, एसटीनं उभं राहून. ते मी विसरले नाही. पैसे मिळाल्यावर जागा तुम्हीच पाहिलीत, माझ्या एकटीच्या नावानं खरेदीखत केलंत आणि कचेरीच्या पायरीवर म्हणालात, "सुनंदा, ह्याला कुणाचाबी हात लागू द्यायचा न्हाय. माझाबी."

मग तुमचाच हात कसा लागला?

दोन गाड्यांवर घर चाललं होतं. विलासला पाच स्लीपर हव्या होत्या. बँक तारण मागत होती आणि भूमच्या घराचे कागद धड नव्हते. तीन दिवस तुम्ही माझ्याशी नीट बोलला नाहीत. चौथ्या दिवशी जेवताना विषय काढलात. पाच-सहा वर्षांचा प्रश्न आहे, धंद्यात तुझी चार आणे भागी राहील, प्राचीच्या शिक्षणाची काळजी करू नको. मी उलटून एक शब्द विचारला नाही. नवऱ्याच्या जिवाचे पैसे होते ते, आणि मी जेवणाचा हात धुऊन तुमच्या मागं बँकेत आले.

गाड्या आल्या. पहिल्या गाडीपुढं नारळ तुम्ही मलाच फोडायला लावलात. केवढी फुलले होते मी! भागीदारीचा करारनामा दोन महिन्यांनी दिसला, तोही झेरॉक्सच्या गठ्ठ्यात. त्यात तुम्ही, विलास आणि विलासची बायको. माझं नाव फक्त बँकेत, जामीनदार म्हणून.

विचारलं तर तुम्ही म्हणालात, "लेकीचं नाव लागलं की तिच्या सासरचे दारात उभे राहत्यात. तू काय परकी हायस का?"

परकी नव्हते, म्हणूनच पहाटेपासून बुकिंगचे फोन घेत होते ना? गाडी बंद पडली की प्रवाशांच्या शिव्या मीच खाल्ल्या. पगार मात्र बाहेरच्या माणसाला दिला असता तेवढाच.

आणि तुम्हाला ते टोचत होतं, हेच मला सोसत नाही. दवाखान्यात माझा हात धरून म्हणालात, "तुझं राहून गेलं." मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली. तेवढ्यात विलास आत आला आणि तुम्ही भिंतीकडं तोंड फिरवलंत. पोटच्या पोराची एवढी भीती होती का हो?

कर्ज गेल्या महिन्यात फिटलं. जागा माझी, म्हणून बँकेनं मला फोन केला. मी एकटीच धाराशिवला गेले आणि खरेदीखत घेऊन आले. काल ते विलासला सांगितलं. सही करणार नाही, हेही सांगितलं. बापाच्या धंद्याला नाट लावतेस म्हणून तो ओरडायला लागला. ऑफिसमागच्या खोलीतून आई बाहेर आली. जन्मभर तुमच्यापुढं न बोललेली आई.

"चार आणे ठरले होते. माझ्या म्होरं ठरले होते," ती विलासला म्हणाली. "दिलेस का?"

तो कागद उचलून गेला. मला आनंद व्हायला हवा होता. पण राग आला, तिचाही. मग तेव्हा का गप्प बसलीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तवा ते होते."

अप्पा, ह्याला काय म्हणायचं? तुम्ही गेलात तेव्हा कुठं ह्या घरात खरं बोलता आलं.

पहिल्या तारखेपासून मी बुकिंगवर बसणार नाही. धाराशिवला प्राचीच्या कॉलेजजवळ खोली पाहिली आहे. प्लॉटवर दोन खोल्या बांधीपर्यंत तिथं राहू. आई येते म्हणाली. वर्षश्राद्धाला येईन, तुमचं ताट माझ्या हातानं वाढीन. गाड्यांची पूजा झालीच, तर तिला थांबणार नाही.

प्राचीचा तुमच्यावर फार जीव होता. तिच्याजवळ तुमचं वाईट मी आपणहून कधी बोलणार नाही. पण तिनं विचारलं, तर लपवणार नाही. एवढं वचन देते.

तुमची,
सुनंदा